शक्तीचा जमाखर्च

ज्या घरांत जमाखर्चाची वही ठेवीत नाहींत, त्या घरांत पैसा कोठून येतो हें माहीत असतें, पण तो जातो कोठें तें कळत नाहीं. शक्तीच्या बाबतींत आपणां सर्वांची गत नेमकी याच्या उलट आहे. शक्ति जाते कोठें, हें आपणांस ठाऊक असतें: दिव्यांत, विहिरीवरील मोटारींत, पिठाच्या गिरणींत, चुलीवर, आणि आतां खिशांतील मोबाइलांतही. परंतु ती येते कोठून, आणि ती यावी म्हणून कोणीं काय दिलें, याचा विचार क्वचितच होतो.

या लेखांत आम्ही जुन्नर व आंबेगांव या आपल्या दोन तालुक्यांपुरती ही वही उघडून दाखविणार आहों. अक्षय ऊर्जा, सौर ऊर्जा, कचऱ्यापासून ऊर्जा, असे शब्द वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळतात. ते वाचून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते कीं, या गोष्टी कोठें तरी दूर, मोठ्या शहरांत किंवा परदेशांत घडत असाव्यात. वस्तुतः त्या आपल्या नदीवर, आपल्या उसांत, आपल्या बाजारांत व आपल्या गोठ्यांत रोज घडत आहेत. आणि ज्या घडत नाहींत, त्या आपल्या दुर्लक्षामुळें घडत नाहींत.

१. ठेव आणि व्याज

शक्ति नव्यानें निर्माण होत नाहीं. ती एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जाते, हा सृष्टीचा नियम आहे. पृथ्वीवर आपण जी शक्ति वापरतों, तिचें मूळ, थोडे अपवाद वगळल्यास, सूर्य हेंच होय. सूर्य समुद्राचें पाणी तापवितो, त्याची वाफ होते, तिचे ढग सह्याद्रीस अडतात आणि कुकडी, मीना व घोड या नद्या वाहूं लागतात. सूर्याच्या प्रकाशावर ऊस वाढतो, गवत वाढतें. तें गवत गाय खाते, आणि तिच्या शेणांतही त्या उन्हाचा कांहीं अंश उरतोच. दगडी कोळसा व खनिज तेल हेंही एका अर्थीं ऊनच आहे. मात्र तें कोट्यवधि वर्षांपूर्वींचें व पृथ्वीच्या पोटांत पुरलेलें आहे.

कोळसा जाळणें म्हणजे वडिलोपार्जित ठेव मोडून खाणें होय. ती ठेव पुन्हां भरून येत नाहीं, आणि ती मोडतांना निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु वातावरणांत सांचत जाऊन पृथ्वीचें उष्णतामान वाढवितो. ऊन, वारा, वाहतें पाणी, शेण, चिपाड, पालापाचोळा हें सर्व दरसालचें व्याज आहे. शहाणा गृहस्थ व्याजावर निर्वाह करतो व ठेवीस हात लावीत नाहीं. परंतु व्याज दरसाल येतें म्हणून तें फुकट येतें, असें मात्र कोणीं समजूं नये. तें वसूल करावयास श्रम लागतात, आणि कधीं कधीं त्याची किंमत भलत्याच माणसास द्यावी लागते. म्हणून प्रत्येक पानावर आपण दोन प्रश्न विचारूं: जमा किती झाली? आणि खर्च कोणाच्या नांवें पडला?

२. पाण्याचें पान

कुकडी प्रकल्पांत पांच धरणें आहेत. माणिकडोह, येडगांव, वडज व पिंपळगांव जोगे हीं चार जुन्नर तालुक्यांत, आणि डिंभे हें घोड नदीवरील धरण आंबेगांव तालुक्यांत. डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. ते याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळ गांवचे. परदेशी कापड वाहून नेणारी मोटार अडवितांना १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत त्यांस मरण आलें.

डिंभे व माणिकडोह या धरणांच्या पायथ्याशीं लहान वीजघरें आहेत. पहिल्याची क्षमता ५ मेगावॅट व दुसऱ्याची ६ मेगावॅट आहे. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, आणि एक किलोवॅटचें यंत्र तासभर चाललें कीं एक युनिट वीज होते. आतां विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी ४० मीटर उंचीवरून खालीं आलें, तर त्यांत किती शक्ति असते? उत्तर येईल: एका युनिटाचा सुमारें नववा हिस्सा! एवढ्या पाण्यांतून इतकीच वीज मिळत असेल, तर वीजघरास किती प्रचंड पाणी लागत असेल याची कल्पना करावी. शिवाय हें पाणी मुळांत शेतीसाठीं सांठविलेलें असल्यामुळें कालव्यांत किंवा नदींत सोडतेवेळींच वीज मिळते. पाणी आधीं शेतीचें, मग विजेचें.

ही झाली जमा. खर्चाच्या बाजूस काय आहे? ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव मिळालें, तें जुनें गांव आज डिंभ्याच्या पाण्याखालीं आहे. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. आंबेगांव हें नांव कागदावर राहिलें, आणि गांव पाण्यांत गेलें. डोंगरकपारीच्या आदिवासी कुटुंबांची सुपीक खाचरें बुडालीं, आणि कुकडीच्या कालव्यांचें पाणी पूर्वेकडे पार श्रीगोंदें, कर्जत व करमाळ्यापर्यंत पोंचलें. त्या पाण्यानें हजारों घरें सुखी झालीं, हें खरें. त्याबद्दल कृतज्ञच असावें. पण ज्यानें दिलें त्याचें नांव वहींत लिहिलें जावें, एवढें म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे. शक्ति स्वच्छ आहे एवढ्यानें ती न्याय्य ठरत नाहीं.

३. उसाचें पान

जुन्नर तालुक्यांत निवृत्तीनगर येथें विघ्नहर सहकारी साखर कारखाना, आणि आंबेगांव तालुक्यांत दत्तात्रयनगर, पारगांव येथें भीमाशंकर सहकारी साखर कारखाना, हे दोन कारखाने आहेत. एक टन ऊस गाळला कीं सुमारें तीनशें किलो चिपाड उरतें. त्यांत निम्में पाणी असतें, तरीही तें उत्तम जळतें. पूर्वीं साखर कारखाने हें चिपाड कमी दाबाच्या बॉयलरांत कसेंबसें जाळून टाकीत. रस आटविण्यापुरती वाफ मिळाली कीं त्यांचें काम भागे. उरलेलें चिपाड ही एक अडचणच वाटे.

पुढें युक्ति सुचली ती अशी: वाफ फार मोठ्या दाबाची करावी, ती आधीं टर्बाइनमधून न्यावी, तेथें विजेचें यंत्र फिरवून घ्यावें, आणि दाब कमी झालेल्या त्याच वाफेवर मग रस आटवावा. एकाच लाकडावर आधीं भाकरी भाजून मग निखाऱ्यांवर वांगें भाजणाऱ्या गृहिणीचीच ही रीत आहे. हिलाच सहवीजनिर्मिति म्हणतात. आपल्या दोन्हीं कारखान्यांनीं तिचा अवलंब केला आहे. हंगामांत कारखाना आपली गरज भागवून वीज बाहेर देऊं शकतो. मळीपासून इथेनॉल होतें व तें पेट्रोलांत मिसळतात. २०२५ सालीं पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें गांठलें. रस स्वच्छ करतांना राहिलेल्या प्रेसमडपासूनही वायु तयार करतां येतो. सारांश, उसाचा कोणताच भाग कचरा नाहीं.

खर्चाची बाजू मात्र विसरूं नये. उसास वर्षभर पाणी लागतें, आणि तें पाणी वर सांगितलेल्या धरणांचें. इथेनॉल काढल्यावर उरणारें काळें सांडपाणी नीट न हाताळतां ओढ्यांत गेलें, तर मासे मरतात व विहिरी नासतात. तेंच बंद टाकींत कुजविलें तर त्यापासून जळणारा वायु मिळतो. वस्तु एकच; योग्य जागीं गेली तर इंधन, अयोग्य जागीं गेली तर विष. आणि शेतांत पेटवून दिलेलें पाचट? तें तर सरळ खर्चच होय. त्याबरोबर जमिनीची कसदार माती भाजते, व धूर गांवावर पसरतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत तयार केली, आणि तिला २००२ सालीं इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें. ज्यास एवढें जमत नसेल त्यानें पाचट निदान सरींत कुजूं द्यावें. जमीन त्याचे आभार मानील.

४. उन्हाचें पान

भर दुपारीं एक चौरस मीटर जागेवर पडणाऱ्या उन्हांत सुमारें एक किलोवॅट शक्ति असते. आजचीं सौर तावदानें तिचा साधारण पांचवा हिस्सा विजेंत बदलतात. एक किलोवॅट क्षमतेचीं तावदानें आपल्या भागांत स्वच्छ दिवशीं सरासरी चार युनिटें देतात. २०२४ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत घराच्या छपरावर अशीं तावदानें बसविण्यास सरकारी साहाय्य मिळूं लागलें.

परंतु आपल्या तालुक्यांत उन्हाच्या विजेचें खरें मोल तिच्या स्वस्ताईंत नाहीं, तर तिच्या वेळेंत आहे. शेतीच्या मोटारींस वीज पाळीपाळीनें मिळत आलेली आहे. कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी आली कीं शेतकऱ्यास कंदील किंवा विजेरी घेऊन अंधारांत दारें धरावयास जावें लागतें. आणि आपला ऊस म्हणजे आज बिबट्यांचें घर झालेलें आहे. माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारण केंद्र आहे, हें सर्वांस ठाऊक आहेच. पण सारेच बिबटे कांहीं त्या केंद्रांत नाहींत. जुन्नरच्या वन विभागांत माणसांवर हल्ले होऊन जीव गेलेले आहेत. अशा मुलुखांत दिवसा वीज मिळणें ही सोय नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे.

सूर्य रात्रीं वीज देत नाहीं, हा त्याचा दोष म्हणून सांगतात. येथें तोच गुण ठरतो. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना आंखली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा हातीं घेतला. गांवाजवळच्या पडिक जमिनीवर सौर तावदानें उभारून त्या विजेवर शेतीच्या मोटारी दिवसा चालवाव्या, असा तिचा हेतु आहे. ज्या गांवांस सरकारी किंवा गायरान जमीन अशा कामीं देण्याचा प्रश्न पडेल, तेथील वडीलमंडळींनीं भाड्याच्या रकमेबरोबर या गोष्टीचाही विचार करावा. तसाच त्या गायरानावर ज्यांचीं गुरें चरत होतीं त्यांचाही. आणि एक सावधगिरी: उन्हावरील मोटारीस बिल येत नाहीं म्हणून ती दिवसभर चालू ठेवूं नये. विजेस पैसे पडत नसले तरी विहिरीचें पाणी फुकट नाहीं. आपली विहीर आटली म्हणजे शेजाऱ्याचीही आटते.

५. शेणाचें पान

आतां आपण वहीच्या अशा पानाकडे येतों कीं, जें प्रत्येक शेतकरी कुटुंबास स्वतःच्या हातानें लिहितां येईल.

इटलीमधील आलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञानें १७७६ सालीं माज्जोरे सरोवराच्या कांठीं दलदलींतील चिखल काठीनें ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलींत धरले, आणि तो वायु पेटतो असें दाखविलें. हाच मिथेन वायु. हवा न लागतां कोणताही ओला सेंद्रिय पदार्थ कुजला कीं तो तयार होतो. १८९५ सालीं इंग्लंडांतील एक्झेटर शहरांत मैल्याच्या टाकींतील वायूवर रस्त्यांतील दिवे लावण्यांत आले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८९७ सालीं, मुंबईस माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रमांत तसाच वायु काढण्यांत आला, आणि १९०७ सालीं त्यावर एंजिनही चालविलें गेलें. ज्यांस समाजानें टाकून दिलें होतें, त्यांच्या आश्रमांत, ज्यास सर्व जग टाकून देतें त्या वस्तूपासून दिवा लागला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें जशभाई पटेल यांनीं 'ग्रामलक्ष्मी' नांवाचा गोबरगॅसचा नमुना तयार केला, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगानें तरंगत्या टोपीचा तो नमुना देशभर नेला. १९८४ सालीं विटांच्या स्थिर घुमटाचा, कमी खर्चाचा 'दीनबंधु' नमुना आला. आपल्याच जिल्ह्यांत देहू येथें १९६० च्या सुमारास सरकारी दवाखान्यांत आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनीं शौचालयास जोडलेल्या गॅसटाकीचा 'मलप्रभा' नमुना सिद्ध केला. गांवकऱ्यांचा संकोच दूर करण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली.

टाकींत काय घडतें तें थोडक्यांत सांगतों. शेण व पाणी सारख्या प्रमाणांत कालवून हौदांत सोडतात. आंत हवा नसते. प्रथम एका जातीचे सूक्ष्म जंतु त्या पदार्थाचे तुकडे करून त्यांचीं आम्लें बनवितात. मग दुसऱ्या जातीचे जंतु त्या आम्लांपासून मिथेन बनवितात. निघणाऱ्या वायूंत शेंकडा ५५ ते ६५ मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हे दुसरे जंतु स्वभावानें मंद व नाजूक असतात. त्यांस ऊब लागते. म्हणून पौष-माघांत, आपल्याकडे थंडी कडक पडते तेव्हां, गॅस कमी येतो. यंत्र बिघडलें असें समजून त्या दिवसांत तें सोडून देऊं नये.

साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायु मिळतो. दोन घनमीटरच्या टाकीस रोज ५० किलो शेण व तितकेंच पाणी लागतें, म्हणजे गोठ्यांत चार-पांच मोठीं जनावरें हवींत. एवढ्यावर पांच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. एक घनमीटर वायूंत सिलिंडरांतील ४३० ग्रॅम गॅसाइतकी उष्णता असते. त्या हिशेबानें १४.२ किलोचें एक सिलिंडर म्हणजे सुमारें ३३ घनमीटर वायु. थंडीची व दुर्लक्षाची तूट धरूनही अशा टाकीनें महिन्यास एक सिलिंडर वांचावयास हरकत नाहीं. आणि विशेष हें कीं, शेण नाहीसें होत नाहीं. गोवऱ्या थापून जाळल्या तर खत गेलें. गॅसच्या टाकींतून मात्र वायु निघून गेल्यावर जी स्लरी बाहेर येते, तिच्यांत शेणांतील नत्र शिल्लक असतो. एकाच शेणावर चूलही पेटते व शेतही पिकतें.

या पानावरील सर्वांत मोठी जमा रुपयांत मोजतां येत नाहीं. लांकडें व गोवऱ्या जाळणाऱ्या स्वयंपाकघरांत फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचे डोळे व छाती काय सोसतात, तें आपल्यापैकीं पुष्कळांनीं आपल्या घरीं पाहिलें आहे. घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मरण पावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया व लहान मुलें यांवर भार अधिक. मिथेनची निळी ज्योत धूर करीत नाहीं.

मात्र दोन सूचना कायम ध्यानांत असाव्यात. टाकी साफ करण्यासाठीं कोणींही एकदम आंत उतरूं नये. आंतील वायूनें क्षणांत शुद्ध जाते, आणि वांचवावयास उतरणाराही दगावतो. टाकीजवळ दिवा, विडी किंवा कांडी पेटवूं नये. तसेंच नळी गळत असेल तर ती त्वरित दुरुस्त करावी. न जळतां हवेंत गेलेला मिथेन पृथ्वीस तापविण्याच्या कामीं, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कार्बन डायऑक्साइडाच्या सुमारें २८ पट असतो.

६. नासक्या मालाचें पान

नारायणगांवचा टोमॅटोबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मंचर, ओतूर, आळेफाटा येथें कांदा व भाजीपाला येतो. भाव पडला कीं टोमॅटोचे ढीग रस्त्याच्या कडेला ओतलेले दिसतात. हें पाहून हुशार विद्यार्थी विचारतात, "यापासून गॅस कां करूं नये?" प्रश्न उत्तम आहे, आणि उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवें.

टोमॅटोंत शेंकडा ९४-९५ भाग पाणी असतें. शंभर किलो टोमॅटोंत घन पदार्थ पांच-सहा किलोच. म्हणून ढीग डोंगराएवढा दिसला तरी त्यांतील शक्ति थोडी असते. दुसरें असें कीं, असा माल लवकर आंबतो. एकदम पुष्कळ माल टाकींत ओतला तर आम्लें करणारे जंतु पुढें धांवतात, मिथेन करणारे मागें राहतात, आणि सारी टाकी आंबून बंद पडते. तेव्हां नासका माल बारीक करून, शेणांत मिसळून, थोडा थोडा रोज द्यावा लागतो. याउलट शिळी भाकरी, भात, पीठ, खरकटें यांत शक्ति भरपूर असते. कारण शेण म्हणजे गाईनें आधींच पचवून उरलेला भाग, आणि अन्न म्हणजे न पचलेला. याच तत्त्वावर डॉ. कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनें खरकट्यावर चालणारी लहान घरगुती टाकी तयार केली, आणि २००६ सालीं तिला दुसऱ्यांदां ॲशडेन पारितोषिक मिळालें. बाजार समिति, खाणावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय अशा ठिकाणीं ओला माल रोज ठराविक मिळतो. तेथें सामाईक टाकी चांगली चालूं शकते.

सुका व ओला कचरा एकत्र झाला मात्र कीं दोन्हीं वायां जातात. १९८७ सालीं दिल्लींत तिमारपूर येथें रोज ३०० टन कचरा जाळून वीज करण्याचें यंत्र परदेशी साहाय्यानें उभारलें. तें कांहीं दिवसांतच बंद पडलें. आपला शहरी कचरा ओला व मातीमिश्रित, त्यामुळें तो पुरेसा जळेना. उलट पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथें १ ऑगस्ट २०२३ रोजीं उद्घाटन झालेलें १४ मेगावॅटचें यंत्र मुख्यतः सुक्या कचऱ्यावर योजलेलें आहे. तेथेंही खर्चाची बाजू पाहावीच लागते. जो कागद व जें प्लास्टिक पुन्हां वापरतां येतें तें भट्टींत घालणें म्हणजे कचरा वेंचून पोट भरणाऱ्या बायांच्या तोंडचा घास काढणें होय. आणि अंगणांत प्लास्टिक जाळणें ही तर शक्ति नव्हे, तें विष आहे. घरांत दोन डबे ठेवणें, हेंच कचऱ्यापासून ऊर्जा करण्याचें पहिलें यंत्र. त्यास किंमत फारशी पडत नाहीं.

७. निगेचें पान

आपल्या देशांत आजवर ५० लक्षांहून अधिक घरगुती गोबरगॅस टाक्या बांधल्या गेल्या. बांधलेल्या साऱ्याच चालू आहेत काय? खेड्यांतून हिंडणारास ठाऊक आहे कीं, कित्येक ठिकाणीं घुमटास तडा गेला आहे, टोपी गंजली आहे, हौदांत पालापाचोळा सांचला आहे. टाकी बांधावयास सरकारी साहाय्य मिळालें. रोज शेण कालवावयास मात्र कोणतेंही सरकार येत नाहीं. जनावरें विकलीं गेलीं, मुलें शहरांत गेलीं, एक नळी तुटली ती दुरुस्त झाली नाहीं, आणि चूल पुन्हां धुरूं लागली.

येथें आम्ही पालकांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगूं इच्छितों. पुष्कळ घरांत टाकी आल्यावर शेण उचलणें, पाणी आणणें व काला ढवळणें हें सारें काम घरच्या बाईच्या किंवा शाळेंत जाणाऱ्या मुलीच्याच वांट्यास येतें. धूर गेला, पण ओझें राहिलें. पश्चिमेकडील वाड्यांवर चैत्र-वैशाखांत पिण्याचें पाणी डोक्यावरून आणावें लागतें. तेथें टाकीसाठीं रोज पन्नास लिटर पाणी कोणीं आणावें? ज्या घरीं हा प्रश्न आधीं सोडविला नाहीं, त्या घरीं टाकी न बांधलेलीच बरी. आणि ज्या घरीं पाणी व गुरें आहेत, तेथें हें काम मुलग्यांनींही पाळीनें करावें. ज्या ज्योतीवर आपली भाकरी भाजते, तिच्यासाठीं सकाळीं पाव तास हात शेणांत घालण्यास लाजणारा मुलगा शास्त्राचा धडा पाठ करील, परंतु तो त्यास कळला असें आम्ही म्हणणार नाहीं.

सामाईक टाकीचेंही तसेंच. गांवानें ती बांधावयाची तर आधीं ठरवावें: शेण कोण देणार, गॅस कोणास किती मिळणार, स्लरी कोणाच्या शेतांत जाणार, आणि नळी तुटली तर पैसा कोठून येणार. ज्याच्याजवळ गुरें नाहींत, पण मजुरी आहे, त्याचाही वांटा त्यांत असावा. या चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवलेलीं असलीं, तर यंत्र टिकेल.

८. विद्यार्थ्यांसाठीं सुट्टीचा अभ्यास

(१) आपल्या घरीं महिन्यास वीज किती युनिटें लागली तें बिलावर पाहून लिहावें. (२) गोठ्यांतील जनावरें मोजून एका दिवसाचें शेण वजन करावें, व त्यापासून किती घनमीटर वायु मिळेल तें काढावें. (३) आठवडाभर घरांतील ओला व सुका कचरा वेगळा ठेवून दोहोंचें वजन मांडावें. (४) आपल्या वाडींत बंद पडलेली गॅसटाकी असल्यास ती कां बंद पडली, हें मालकास नम्रपणें विचारून लिहावें. टाकींत मात्र डोकावूं नये. (५) चुलीपुढें आईचे रोज किती तास जातात व त्यांतील किती तास जळण आणण्यांत जातात, तें तिला विचारावें.

पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें वजनकांट्यानें किंवा विचारपूस करून मिळतील. पांचव्याचें उत्तर ऐकल्यावर वही मिटून न ठेवतां तें वडिलांस वाचून दाखवावें, आणि घरच्या जमाखर्चांत आजवर जें कधींच मांडलें गेलें नाहीं, तें खर्चाच्या बाजूस प्रथम लिहावें. कोणती शक्ति आपल्या घरास योग्य, ऊन कीं शेण कीं दोन्हीं, हें त्यानंतर ठरविणें कठीण जाणार नाहीं.